फळ्यावरची सातवी ओळ

त्या सोमवारी फळ्यावर सात ओळी होत्या. मंगळवारी सकाळी दीपगृहाजवळच्या दवाखान्यात डोळ्यांची मोफत तपासणी. बुधवारपासून वाचनालय संध्याकाळी एक तास जास्त उघडं. शिवणवर्गात दोन जागा शिल्लक. गोदीचा रस्ता डांबर टाकण्यासाठी तीन दिवस बंद. शनिवारी पोहण्याची शर्यत, वेळ भरती पाहून ठरेल. बर्फाच्या कारखान्यामागे करडं मांजर सापडलं आहे, एक कान फाटका, ज्याचं असेल त्याने घेऊन जावं. आणि शेवटची: ‘गुरुवार, दुपारी चार, नगर कार्यालयाचं सभागृह. होड्यांच्या उताराबद्दल सुनावणी. हरकत असेल त्याने स्वतः हजर राहावं.’

सहा ओळी खऱ्या होत्या. सातवी खोटी निघाली. त्या खोटेपणात माझा थोडा वाटा होता, म्हणून हे लिहायला मी बसले आहे.

हा फळा आमच्या धक्क्यावर, पलीकडे जाणाऱ्या बोटीच्या तिकीटघराबाहेर आहे. डाव्या अर्ध्या भागावर बोटीच्या वेळा पांढऱ्या रंगाने कायमच्या लिहिलेल्या. उजवा अर्धा कुणी कधी रिकामा सोडला कोण जाणे. पण गेली एकतीस वर्षं तो तिकीट फाडणाऱ्या बाईच्या ताब्यात आहे. सगळं शहर तिला खडूताई म्हणतं. पेन्शनीत निघालेले लोकही म्हणतात आणि तिच्याहून वयाने मोठी असलेली मीही म्हणते. उंच, हाडकुळी, उजव्या बाहीवर कायम पांढरी पूड. खिडकीच्या फळीला दोरीने बांधलेलं एक पेन, कारण न बांधलेलं पेन धक्क्यावर एक दिवस टिकत नाही. शहरात काय होणार आहे ते लोक त्या फळ्यावर वाचतात. बोटीला दहा मिनिटं असतात, माणूस दुसरं करणार काय?

तिचा राग आवाजात चढत नाही. राग आला की तिचं अक्षर बारीक होतं, सरळ होतं, आणि खडू मोडतो. मी छत्तीस वर्षं शाळेच्या फळ्यावर लिहिलं, त्यामुळे मोडलेल्या खडूचा आवाज मला लांबूनही ओळखू येतो.

तिचा एक नियम आहे. बातमी देणाऱ्याने स्वतः यायचं, ती लिहील ते पाहायचं, आणि मग फळ्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचलं नाही तर ती ओळ पुसली जाते. या नियमामागे एक जुनी गोष्ट आहे. पंचवीस वर्षांपूर्वी कुणी तरी येता येता खिडकीत सांगून गेलं की अमक्याची शोकसभा रविवारी. ती होती शनिवारी. शनिवारी त्या माणसाची बायको वीस रिकाम्या खुर्च्यांसमोर तासभर बसून राहिली. पुढे कित्येक दिवस ती बाई रोज बोटीने ये-जा करायची, रोज खिडकीतून तिकीट घ्यायची, आणि एक शब्द बोलायची नाही. खडूताई म्हणते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून वाचन. त्याची गंमतही असते. पोहण्याच्या शर्यतीचे सर इतक्या जोरात वाचतात की बोटीवरचा तांडेल शिट्टी वाजवून उत्तर देतो. दवाखान्याचे डॉक्टर स्वतःच्या दवाखान्याची वेळ वाचताना दर वेळी अडखळतात. “तुम्हालाच माहीत नाही, मग पेशंटनं काय करायचं?” असं खडूताईने विचारलं की रांगेतले लोक हसतात, डॉक्टरही हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून वाचतात.

सातवी ओळ मात्र कुणी वाचली नव्हती.

उताराबद्दल सांगायला हवं. धक्क्याच्या उजव्या अंगाला दगडी फरसबंदीचा एक उतार पाण्यात जातो. लहान होड्या तिथून ओढून वर घेतात, उलट्या करतात, खरवडतात, फळ्या बदलतात, डांबर लावतात. चाळीसेक होड्या त्या उतारावर जगतात, आणि त्या दुरुस्त करणारा सुतार म्हणजे खडूताईचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. याला वाढवलं तिनेच. नगर कार्यालयाच्या किनारा विभागाला त्या उतारावर बाकं, दिवे आणि खाण्याच्या टपऱ्या बसवायच्या होत्या. बाकी सगळीकडे खडक आहेत. उतार गेला तर होडी ओढायची कुठे? सुनावणीला हजर राहून तोंडी हरकत नोंदवायची, एवढाच एक मार्ग होता.

त्या सोमवारी साडेदहाच्या बोटीसाठी मी खिडकीशी उभी होते. आत फोन वाजला. कार्यालयातला कारकून बोलत होता. खडूताईने फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि मला म्हणाली, “गुरुवारी चार म्हणतोय. इथं येऊन वाच म्हटलं तर काम आहे म्हणतो.”

“कोण? तो का चष्मेवाला?” मी म्हटलं. “अगं, तो माझा विद्यार्थी. पाचवीत होता माझ्याकडे. पेन्सिल सापडली तरी वर्गभर विचारत फिरायचा. लिही तू.”

ती क्षणभर थांबली. ते थांबणं मला अजून दिसतं. मग तिने लिहिलं.

गुरुवारी दुपारी चौतीस माणसं सभागृहाच्या दारात उभी होती. धुतलेले शर्ट, विंचरलेले केस. काहींनी बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. भावाने सकाळपासून हातात पटाशी धरली नव्हती, दाढी केली होती. दाराला कुलूप. पंधरा मिनिटांनी एक शिपाई पाण्याची बाटली घेऊन चालला होता, त्याला विचारलं.

“सुनावणी? ती काल झाली की अकराला.”

“काल? नोटीस कुठाय?”

त्याने आत नेऊन दाखवली. आतल्या बोळात, पाण्याच्या पिंपामागे, कागद लावला होता. पिंप सरकवल्याशिवाय खालच्या दोन ओळी दिसत नव्हत्या. शेजारी कालच्या सुनावणीचा अहवालही लागला होता. त्या कामात मात्र झटपटपणा होता. ‘उपस्थिती: दोन. हरकती: नाहीत.’ ते दोघे म्हणजे बाकं पुरवणारा आणि दिवे पुरवणारा.

संध्याकाळी पाचच्या बोटीआधी भाऊ खिडकीशी आला. मी तिथेच होते. धक्क्यावरच्या बाकावर बसणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. मला वाटलं तो ओरडेल. तो खिडकीच्या फळीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

“ताई, कार्यालयावर आमचा कधीच विश्वास नव्हता,” तो म्हणाला. “तू लिहिलंस म्हणून गेलो.”

“मला फोन आला होता.”

“कुणी वाचलं होतं का ते?”

तिने फळीवरचं दोरीचं पेन उगाच सरळ केलं.

“मी मागच्या वर्षी जुनी होडी विकायची म्हणून आलो, तर मला, सख्ख्या भावाला, चारचौघांत दोनदा वाचायला लावलंस. आणि यांना फोनवर?” त्याने हात उचलले. “वीस खुर्च्यांची गोष्ट तूच सांगायचीस ना? आता चौतीस माणसांची सांग.”

तो गेला. मागच्या माणसाने तिकीट मागितलं. तिने ते फाडलं, पण उभं न फाडता आडवं फाडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी पहिली बोट सोडून तिने खिडकीवर दुसऱ्या माणसाला बसवलं आणि मला म्हणाली, “चला, बाई. तुमचा विद्यार्थी बघू.”

वाटेत ती भराभर पुढे चालत होती. मीच काहीबाही बोलत राहिले. “चूक झाली असेल गं,” असं म्हटलं, तेव्हा तिने नुसतं वळून माझ्याकडे पाहिलं.

कारकून टेबलाशी होता. मला पाहून सवयीने उठला आणि उठल्यावर काय करावं हे त्याला कळेना.

“बाई, बसा ना.”

“बसायला नाही आलो,” खडूताई म्हणाली. “तारीख कधी बदलली?”

“मंगळवारी. दुपारी.”

“आणि माझा फोन नंबर सोमवारपर्यंतच चालत होता का?”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पाचवीतही हेच करायचा. “साहेब म्हणाले, कागद लावला की झालं. फळ्याला कळवायची गरज नाही. मी म्हटलं होतं, ताई, की लोक गुरुवारी येतील. साहेब म्हणाले, येऊ देत.”

“येऊ देत,” खडूताईने ते दोन शब्द पुन्हा उच्चारले, अगदी हळू. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. छत्तीस वर्षांत मी मुलांवर पुष्कळ रागावले असेन, पण तो राग घंटा झाली की संपायचा. हा तसा नव्हता. मी त्याला म्हटलं, “तू वर्गभर पेन्सिल घेऊन फिरायचास रे.” तो खाली मान घालून उभा राहिला. साठीच्या पुढच्या बाईने चाळिशीच्या माणसाला सगळ्या टेबलांसमोर असं बोलू नये हे मला कळत होतं. तरी बोलले.

आतल्या खोलीतले किनारा विभागाचे साहेब मात्र अतिशय गोड. खुर्च्या दिल्या, पंखा वाढवायला लावला. “तुमचा फळा म्हणजे फार छान उपक्रम आहे हं. मी नेहमी सांगतो.”

“मग तारीख बदलल्याचं का नाही सांगितलं?”

“असं बघा, नियमाप्रमाणे नोटीस कार्यालयात लावायची असते. ती लावली. तुमचा फळा काही सरकारी नाही. तुम्हाला कळवलं होतं ते एक सौजन्य म्हणून.”

“सोमवारचं सौजन्य मंगळवारी संपलं?”

साहेब हसले. “ताई, तुम्ही रागावलात.”

“हो,” ती म्हणाली. “रागावलेच आहे.” आणि उठली.

दुपारी बाराची बोट यायच्या आत तिने फळ्याचा उजवा अर्धा भाग ओल्या फडक्याने पुसला. मांजराची आणि शर्यतीची ओळ तेवढी ठेवली; मांजर अजून कुणी नेलं नव्हतं आणि शर्यत दुसऱ्या दिवशी होती. मग लिहायला लागली. बारीक, सरळ अक्षर. तीन खडू मोडले.

‘सोमवारी इथे लिहिलं होतं: उताराची सुनावणी गुरुवारी चारला. ते मी फोनवर ऐकून लिहिलं, वाचून घेतलं नाही. चूक माझी. सुनावणी बुधवारी अकराला उरकली. नोटीस पाण्याच्या पिंपामागे आहे. अहवालात उपस्थिती दोन. गुरुवारी कुलपासमोर उभे होते चौतीस. जे होते त्यांनी खाली नाव लिहावं.’

खाली खडूचा डबा ठेवला. बोट आली, लोक उतरले, वाचू लागले. त्या दिवशी धक्क्यावर पहिल्यांदाच बोट दहा मिनिटं उशिरा सुटली, कारण तांडेलही उतरून नाव लिहीत होता. तो गुरुवारी नव्हता. खडूताईने त्याचं नाव पुसलं. “नव्हतास तर लिहायचं नाही. खोटं इथं आता एकही ओळ नको.”

“अगं, पण मी असतो तर आलोच असतो!”

“मग पुढच्या वेळी ये आणि तेव्हा लिही.”

चार वाजता कारकून एक कागद घेऊन आला. पुढच्या रविवारी किनारा विभागाची समुद्रकाठची दौड होती. वरचे कुणी मोठे अधिकारी झेंडा दाखवायला येणार होते. आदल्या वर्षी साहेबांनी ही दौड फळ्यावर दिली नव्हती, फक्त छापील पत्रकं लावली होती. धावणारे अकरा निघाले, त्यातले नऊ कार्यालयातलेच. म्हणून या वर्षी कागद फळ्याकडे आला.

खडूताईने तो वाचला. “बातमी कुणाची?”

“साहेबांची.”

“मग साहेबांनी यावं. नियम माहीत आहे ना तुला?”

“ताई, ते येणार नाहीत.”

“मग अकराजण धावतील.” तिने कागद परत त्याच्या हातात दिला. तो जायला वळला. दोन पावलांवर थांबून परत आला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, “ताई, नोटीस तीन दिवस आधी लावावी लागते. ती मंगळवारी संध्याकाळी लागली. जावक वहीत तारीख माझ्याच अक्षरात आहे. वही कुणी बदलली नाही.”

एवढं बोलून गेला.

शनिवारी सकाळी नऊच्या बोटीला धक्क्यावर नेहमीपेक्षा गर्दी होती. पोहण्याची शर्यत होती, शिवाय काल काय लिहिलंय ते बघायला आलेलेही बरेच होते. भाऊ आला होता. पण बहिणीपासून लांब, उताराच्या टोकाला, उलट्या होडीवर बसला होता. साहेबांची गाडी तिकीटघरापर्यंत आली. मागच्या दाराने कारकून उतरला, हातात फाईल.

साहेब हसत पुढे आले. “हे बघा, मी आलो. तुमचा नियम म्हणजे नियम! लिहा आमची दौड.”

खडूताई बाहेर आली. तिने आधीच लिहून ठेवलं होतं. दोन ओळी होत्या. साहेबांनी पहिली वाचली, खणखणीत: “‘पुढच्या रविवारी सकाळी सहा, समुद्रकाठची दौड, नावनोंदणी तिकीटघरात.’ वा!”

“खालची पण.”

साहेबांनी खालची मनात वाचली. हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला. “हे मी दिलेलं नाही.”

“नाही?” तिने ओलं फडकं उचललं. “मग दोन्ही पुसते. एका माणसाच्या दोन बातम्या. एक खरी आणि एक पिंपामागे, असं इथं चालत नाही.”

“ताई, तुम्ही मला अडवताय.”

“मी तिकीट फाडणारी बाई, साहेब. मी कुणाला अडवणार? तुमची नोटीस मंगळवारी संध्याकाळी लागली. सुनावणी बुधवारी सकाळी. तीन दिवस कुठल्या पिंपामागे ठेवलेत?”

मागे कुणी तरी हसलं. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा चष्मा काढणार. त्याने काढला नाही. फाईल उघडून एक टाईप केलेला कागद वर ठेवला.

“फेरसुनावणीचं पत्र तयार आहे, साहेब,” तो म्हणाला. आवाज कापत होता, पण ऐकू येण्याइतका होता. “फक्त सही राहिली आहे.”

साहेब कागदाकडे पाहत राहिले. मग गर्दीकडे. बोटीचा दोर सोडायला गेलेला माणूस दोर हातात धरून उभा होता. शेवटी त्यांनी खिशाला हात लावला, तर पेन गाडीत राहिलेलं. खडूताईने खिडकीतलं दोरीचं पेन पुढे केलं. दोरी आखूड असल्यामुळे किनारा विभागाच्या साहेबांना तिकिटाच्या खिडकीत वाकून सही करावी लागली.

“आता वाचा,” ती म्हणाली.

ते वाचू लागले. “‘गुरुवार, दुपारी चार, सभागृह. होड्यांच्या उताराची सुनावणी पुन्हा. दार उघडं असेल.’”

“मागे ऐकू गेलं नाही.”

खरंच गेलं नव्हतं. दौडीच्या ओळीचा आवाज या ओळीला नव्हता. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी उलट्या होडीवर बसलेला तिचा भाऊ उठून उभा राहिला, म्हणजे त्याला ऐकू गेलं असावं. खडूताईने मान हलवली. आभार मानले नाहीत, हसली नाही. साहेबांची गाडी वळली तेव्हा तिने नुसतं एवढं म्हटलं, “गुरुवारी दार बंद दिसलं, तर शुक्रवारी वरची ओळ पुसीन.” कारकून गाडीत न बसता चालत गेला.

गुरुवारी दार उघडं होतं. अहवालात उपस्थिती एकशे बारा, हरकती एकशे बारा. त्यात तांडेलही होता. परत येऊन त्याने आधी फळ्यावर नाव लिहिलं आणि मग बोट सोडली. महिन्याभराने बाकं आणि दिवे दीपगृहाच्या पलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात गेले. उतारावर आजही होड्या उलट्या पडलेल्या असतात आणि भावाच्या पटाशीचा आवाज तिकीटघरापर्यंत येतो. तो पुन्हा खिडकीशी आला तो सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी. “ताई, डांबर गरम करायला जुनं पातेलं आहे का घरी?” एवढंच विचारलं. तिने आहे म्हणून सांगितलं.

लोकांना वाटतं, एवढं झाल्यावर तिचा राग गेला असेल. नाही गेला. तिने तो जपून ठेवलाय, त्या जुन्या शोकसभेच्या शेजारी. मला तो बरोबर वाटतो.

त्या सुनावणीनंतरच्या सोमवारी मी वाचनालयातल्या गोष्टींच्या तासाची बातमी घेऊन गेले. रविवार, सकाळी दहा. तिने लिहिलं आणि बाजूला सरकून उभी राहिली. बोटीला सहा मिनिटं होती, रांगेत पंधरावीस माणसं. मी म्हटलं, “अगं, मी रोज इथंच असते.”

“वाचा, बाई.”

मी वाचलं.

“मोठ्यानं.”

मी पुन्हा वाचलं, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तशा आवाजात. रांगेतलं कुणी हसलं नाही. तिने खडू डब्यात टाकला, खिडकीत जाऊन बसली आणि पहिल्या माणसाचं तिकीट उभं, सरळ फाडलं.